नणंदेच्या गाण्यातली मांजर

माझी नणंद आज तेलुगू लोकगीतं गाणारी नामांकित गायिका आहे. बतुकम्मा या फुलांच्या सणाआधी महिनाभर तिची एकही तारीख मोकळी नसते. टीव्हीवर लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत ती परीक्षक म्हणून बसते आणि हरलेल्या प्रत्येक मुलासोबत स्वतःही रडते. पण मी लग्न होऊन तेलंगणातल्या बोथला आले तेव्हा या मुलीला तेलुगू धड वाचता येत नव्हतं. तिच्या चाहत्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. मला चांगलं ठाऊक आहे, कारण तिची सुरुवातीची सगळी गाणी मीच देवनागरीत उतरवून दिली होती.

माझं सासर मराठी शेतकऱ्याचं. बोथपासून थोड्याच अंतरावरच्या खेड्यात कापूस आणि ज्वारी. नवरा बोथच्या एका शाळेत गणित शिकवतो, म्हणून आमचं बिऱ्हाड बोथला. नणंद तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि आमच्याजवळच राहायची. सासरे गावच्या घरीच असत, सासूबाई आठवड्यातले चार दिवस शेतात, तीन दिवस आमच्याकडे. ते तीन दिवसही त्या शेतातच असल्यासारख्या मोठ्यानं बोलत.

नणंद दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली. बाजारापुरतं तेलुगू तिला छान बोलता यायचं, पण वाचायचं म्हटलं की दुकानाची पाटी संपेपर्यंत बस निघून जायची. माझं उलट. माझे वडील बँकेत होते, बदल्या करीमनगरकडे झाल्या, त्यामुळे मी तेलुगू माध्यमात शिकले. त्याच जोरावर मला बोथच्या तहसील कचेरीत संगणकावर बसायची नोकरी लागली. दिवसभर मी लोकांच्या दरख्वास्ती, म्हणजे अर्ज, तेलुगूत उतरवायची आणि घरी येऊन वऱ्हाडी ऐकायची.

ती गायला कधी लागली, हे मला सांगता येणार नाही. ती गातच असायची. भांडी घासताना, केस विंचरताना, भावाला चहा देताना. त्या वर्षी शेजारच्या तेलुगू बायकांनी आम्हा दोघींना बतुकम्मा खेळायला बोलावलं. फुलांच्या उतरंडीभोवती फेर धरलेल्या बायकांतली म्होरकी एक ओळ म्हणायची, बाकीच्या टाळ्या वाजवत झेलायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणणारी म्होरकी बाई आली नाही, तर नणंद पुढे झाली आणि दोन दिवस नुसत्या कानांनी ऐकलेलं अख्खं गाणं म्हणून मोकळी झाली. कोणीतरी फोनवर ते चित्रित केलं. तो व्हिडिओ फिरत फिरत आदिलाबादच्या एका स्टुडिओवाल्याकडे गेला आणि दिवाळीनंतर त्याचा फोन आला.

फोन सासूबाईंनी उचलला. पलीकडचा माणूस उर्दू वळणाचं हिंदी बोलत होता. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "कोनी तरी मानूस पोरीचा आवाज मागून राह्यला. कायले पायजे त्याले?"

स्टुडिओ म्हणजे बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानावरची खोली. भिंतींना जाड फोम चिकटवलेला, मध्ये एक माइक, कोपऱ्यात संगणक. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. खाली पितळेची घागर पडली तर वरचा टेक वाया. स्टुडिओवाले साठीच्या पुढचे, पांढऱ्या दाढीचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी नणंदेला दोन ओळी गायला लावल्या आणि डोळे मिटून ऐकल्या. मग म्हणाले, "बेटी, तेरी आवाज़ में मिट्टी है. धोना मत."

उस्तादांनी एका गीतकाराशी गाठ घालून दिली. ते निर्मल गावातल्या एका शाळेत तेलुगूचे शिक्षक. गाणी लिहीत, चाली बांधत. ते स्वतःच्या आवाजात नुसतं गुणगुणून चाल पाठवत आणि शब्दांच्या कागदाचा फोटो वेगळा. माझं काम तो कागद देवनागरीत करण्याचं.

हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. तेलुगूत ए आणि ओ आखूडही असतात, लांबही. 'चेट्टू' म्हणजे झाड, त्यातला चे आखूड. 'चेनू' म्हणजे शेत, त्यातला चे लांब. मराठीत अशी सोयच नाही. मग मी आखूडावर लाल टिंब आणि लांबावर निळी रेघ द्यायला लागले. कचेरीत जेवणाच्या सुटीत डबा उघडून, एका हातानं खात, दुसऱ्या हातानं लाल-निळं करत बसायची. शेजारच्या टेबलावरचा कारकून विचारायचा की मॅडम, हा कोणत्या सर्व्हे नंबरचा नकाशा.

दोन गाणी बरी गेली. चारचौघांनी ऐकली, कौतुक केलं. तिसरं गाणं आलं ते एप्रिलच्या उन्हात. एक थोरली बहीण धाकटीला चिडवते आहे: दारात उभी राहून कोणाची वाट पाहतेस गं पोरी? चाल उडती, दप्पू या हलगीसारख्या वाद्याच्या ठेक्यावर नाचवणारी. हे 'गं पोरी' तेलुगूत 'पिल्ला'. त्या दिवशी कचेरीत दाखल्यांसाठी खिडकीपासून रस्त्यापर्यंत रांग होती. मी घाईघाईनं कागद उतरवला आणि कान्याच्या जागी वेलांटी दिली. पिल्ला म्हणजे मुलगी. पिल्ली म्हणजे मांजर.

ध्रुवपद मी एकदाच लिहिलं होतं. पुढे नुसतं 'ध्रु.' म्हणून सोडलं होतं. त्यामुळे माझी चूक एकच होती, पण ती आठ वेळा गायली गेली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी गीतकारांची परीक्षेची ड्यूटी होती, ते आले नाहीत. उस्तादांना तेलुगू उत्तम येत होतं, तरी ते काही बोलले नाहीत. पुढे मी विचारलं तर म्हणाले, "शायर का क्या है, बिल्ली पे भी लिखता है. अल्फ़ाज़ उसका काम, आवाज़ मेरा काम." मी तर त्या दिवशी कचेरीत होते. नणंद एकाच टेकमध्ये गाऊन घरी आली, खूश होती. पुढच्या आठवड्यात पोचेराच्या धबधब्यावर चित्रीकरण झालं. उन्हाळ्यामुळे धबधब्याला पाणी जेमतेम होतं, पण तिची पिवळी साडी झकास दिसत होती. रविवारी सकाळी उस्तादांनी गाणं चॅनलवर टाकलं.

दुपारी गीतकारांचा फोन आला. नणंदेनं मोठ्या हौसेनं फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून तेलुगूत जे सुरू झालं ते ऐकून तिचा चेहरा पडत गेला. "मी माणसाच्या मुलीवर गाणं लिहिलं, तू मांजरीवर गायलीस! माझ्या शाळेत मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! भाषा येत नसेल तर गाऊ नये!" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती आत जाऊन रडत बसली. मी तिच्या वहीतला कागद काढला, खिडकीशी नेला. वेलांटी. माझ्याच अक्षरातली, ठसठशीत. खोटं कशाला सांगू, मी तो कागद घडी करून माझ्या पर्समध्ये टाकला आणि संध्याकाळचा स्वयंपाक करायला लागले. दोन दिवस मी काही बोलले नाही. ते दोन दिवस ती जेवताना मान खाली घालून बसायची, गुणगुणायचीही नाही. घर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, घरात काही झालं का? मी म्हटलं, ऊन वाढलं.

तिसऱ्या दिवशी मला राहवेना. कचेरीतून आल्यावर चप्पलही न काढता मी कागद तिच्यापुढे ठेवला. "ताई, चूक तुमची नाही. माझी आहे. मी वेलांटी दिली."

तिनं कागद पाहिला. मग म्हणाली, "वैनी, तुमाले परवाच मालूम होतं?"

"हो."

"आन तुमी पोळ्या करत बसल्या?"

ती उठून गच्चीवर गेली. सासूबाई कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण वेलांटीचं काही कळलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काऊन वं, एवढं काय झालं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वात पुरी केली आणि जिन्याकडे तोंड करून, शेतातल्या आवाजात हाक दिली, "अवं पोरी! मांजर म्हटलं तं काय बिघडलं? मांजर नाई काय दारात बसून वाट पायत? आपली गावची तं रोज पायते, तुह्या बापाची, दुदाची किटली घेऊन येनाऱ्याची!"

वरून हसण्याचा आवाज आला. ती पायऱ्या उतरून खाली आली, डोळे लाल, पण हसत. "माय, खरं सांगू? मी तेच समजून गायली. मले वाटलं गानं मांजरीचंच हाय. मी आपल्या घरच्या मांजरीले डोळ्यासमोर आनलं."

तेव्हा मला कळलं की त्या गाण्यात तिच्या आवाजाला एवढी गंमत कुठून आली होती. पोरीला चिडवणं कोणालाही जमतं. ती उंबऱ्यावर शेपटी गुंडाळून बसलेल्या मांजरीची समजूत काढत होती, लाडानं, थोडी खोड काढत. शब्द चुकला होता, पण भाव सगळा त्या चुकलेल्या शब्दाचाच होता.

गाणं नव्यानं रेकॉर्ड करायचं ठरलं. पण उन्हातून येऊन थंड पाणी प्यायल्यानं तिचा घसा बसला. आठ-दहा दिवस थांबावं लागणार होतं. तेवढ्यात गाणं हाताबाहेर गेलं. पहिल्यांदा मी ते बोथच्या बसस्टँडवर ऐकलं, एका रसवंतीवर. मग कचेरीत, शिपायाच्या फोनची घंटी म्हणून. मग लहान मुलांनी ते उचललं. ठिकठिकाणची पोरं आपापल्या घरची मांजर मांडीवर घेऊन त्या गाण्यावर नाचू लागली आणि त्यांचे आईबाप ते व्हिडिओ टाकू लागले. काळ्या मांजरी, पिवळ्या मांजरी, एका घरात तर मांजर नव्हती म्हणून बकरी.

एके दिवशी गीतकार स्वतः उस्तादांना घेऊन आमच्या दारात उभे. मी घाबरले. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "माझी धाकटी मुलगी पाच वर्षांची आहे. माझं एकही गाणं तिनं कधी म्हटलं नाही. हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत म्हणते." मग खिशातून कागद काढला. "मी आणखी एक कडवं लिहून आणलं आहे. दुधाचं."

उस्ताद खो खो हसले. मी चहा ठेवायला आत गेले ते डोळे पुसत.

पुढे हैदराबादहून एका वाहिनीची मुलगी मुलाखत घ्यायला आली. ओसरीत कॅमेरा लावला. तिनं गोड हसत विचारलं, "तुम्ही मराठी. म्हणजे तेलुगू नीट येत नसल्यामुळेच ही चूक झाली ना?" मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. नणंद म्हणाली, "हो, माझं तेलुगू तेव्हा कच्चं होतं." माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

मला ते सहन झालं नाही. मी ट्रेसकट बाहेर आले आणि शुद्ध पुस्तकी तेलुगूत सांगितलं की गायिकेनं अक्षर न् अक्षर बरोबर गायलं आहे, लिहिणारी मी, आणि मी तेलुगू माध्यमातून प्रथम श्रेणीत पास झालेली आहे. कॅमेरा माझ्याकडे वळला. मुलाखतीचा तेवढाच तुकडा सगळ्यात जास्त पाहिला गेला. तेव्हापासून कचेरीत माझं नाव 'पिल्ली मॅडम' पडलं. तहसीलदारांनीही एकदा भर बैठकीत तसंच म्हटलं आणि नंतर माफी मागितली.

त्याच संध्याकाळी नणंद पहिलीचं तेलुगू वाचनपुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली. "वैनी, मले अक्षरं शिकवा. आता आपन दोघी फसाचं नाई." वर्षभरात ती कागद माझ्याकडून न घेता स्वतः वाचायला लागली. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. लाल-निळे पेन ड्रॉवरमध्ये पडून राहिले.

त्यानंतर तिचं आयुष्य धावायला लागलं ते आजवर धावतंच आहे. लांबून वाटतं की प्रसिद्ध गायिका म्हणजे दिवे आणि हार. मी जवळून पाहिलं ते वेगळं. दही बंद, लोणचं बंद, कोमट पाण्याचा थर्मास पोटच्या लेकरासारखा जवळ. गाडीत झोप, गाडीत जेवण. एका नातेवाइकाच्या तेराव्याला गेली तर तिथेही लोक फोटो काढायला सरसावले, आणि हसावं की नाही हे तिला कळेना. लग्न झालं, हैदराबादला घर झालं. नवरा समजूतदार मिळाला, तो तिच्या तारखा सांभाळतो आणि स्वतः अगदी बेसूर आहे, हे ती सगळ्यांना अभिमानानं सांगते.

तीन वर्षांपूर्वी तिचा आवाज गेला. सलग कार्यक्रमांनी स्वरतंतूंवर सूज आली. डॉक्टरांनी वीस दिवस पूर्ण मौन सांगितलं. ती बोथला आली, आमच्याकडे. पाटी-पेन्सिल घेऊन बसायची. मनातून घाबरलेली होती. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे पाटीचा त्यांना उपयोग नव्हता. त्या म्हणाल्या, "लहानपनापासून हे बोलते आन मी आयकते. आता माह्यी पाळी."

आणि त्या बोलायला लागल्या. सकाळी भाजी निवडताना सुरू व्हायच्या. बोलता बोलता निंदणीच्या वेळी बायका म्हणायच्या ती गाणी निघाली. कापूस वेचताना झाडांच्या एका रांगेतून दुसऱ्या रांगेत फेकायच्या त्या ओळी, कोणाच्या सासूची नक्कल, कोणाच्या नवऱ्याची थट्टा, पाटलाच्या आळशी बैलाचं गाणं. सासूबाईंचा आवाज जाडाभरडा, पण ठेका पक्का. मी या घरात इतकी वर्षं होते, त्यातलं एकही गाणं मी ऐकलं नव्हतं. नणंदेनंही नव्हतं. तिनं पाटी बाजूला ठेवली आणि वही घेतली. वीस दिवसांत वही भरली. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीनं तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते आळशी बैलाचं गाणं म्हणायला. आवाज हलका होता, पण जागेवर होता. सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत घाई केली तुनं."

त्याच वहीतल्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम गेल्या हिवाळ्यात भैंशाला झाला. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या मैदानात, दुपारी चारला, उन्हं उतरत असताना. गावोगावचे कापूसवाले, व्यापारी, बायका-पोरं, मराठी आणि तेलुगू सगळे. तिनं आधी तेलुगू गाणी म्हटली, लोक नाचले. मग ती माइकजवळ येऊन म्हणाली, "आता मी माह्या मायची गानी म्हनते."

सासूबाई आजवर लेकीच्या एकाही कार्यक्रमाला समोर बसल्या नव्हत्या. पोरगी चुकली तर काय, या धास्तीनं त्या घरीच थांबत आणि आम्ही परतलो की पहिला प्रश्न विचारत, "झालं नं नीट?" त्या दिवशी आम्ही त्यांना जबरदस्तीनं पहिल्या रांगेत बसवलं होतं. नवी हिरवी नऊवारी, डोक्यावर पदर, हात घट्ट धरलेले. पहिलं गाणं त्यांनी ताठ बसून ऐकलं. दुसऱ्याला हात सुटले. तिसऱ्याच्या मध्यावर मी वळून पाहिलं तर त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली होती आणि त्या चक्क घोरत होत्या.

स्टेजवरून नणंदेनं ते पाहिलं. तिनं दप्पूवाल्याला हातानं हळू अशी खूण केली. त्यानं काठी बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी ठेका धरला. ती वेचणीचं गाणं अगदी हलक्या आवाजात म्हणायला लागली. मागच्या रांगांतल्या बायकांना ते येत होतं. त्याही तिच्यासोबत तशाच हलक्या आवाजात म्हणू लागल्या. एवढं मोठं मैदान, पण कोणी शिट्टी मारली नाही.

गाणं संपल्यावर टाळ्यांनी सासूबाई दचकून उठल्या. नणंद स्टेजवरून उतरून त्यांच्यापुढे येऊन बसली, लोकांच्या देखत.

"माय, तू झोपली व्हय वं?"

सासूबाईंनी पदर सावरला. त्या मुळीच शरमल्या नाहीत. "तं काय करू? सारं बरोबर चाल्लं होतं. कुठं चुकलं अस्तं तं मले जाग आली अस्ती."

नणंद इतकी हसली की पुढचं गाणं सुरू करायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. सासूबाई मात्र आता पुऱ्या जाग्या झाल्या होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "हे संपल्यावर चहा भेटते का वं इथं?"